कोणत्या पानावरची बातमी?

1934 सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यायालयात एक विलक्षण खटला उभा राहिला. आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे माजी प्राध्यापक आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक. त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गुन्हा काय, तर वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवर लोकांनी शंका विचारल्या होत्या. कर्व्यांनी ना कानावर हात ठेवले, ना कोणाला पापी ठरवलं. सरळ उत्तरं दिली आणि ती छापली. सरकारच्या लेखी हे अश्लील ठरलं.

आंबेडकरांचा युक्तिवाद साधा होता. मासिक लैंगिक शिक्षणासाठीच निघतं. वाचक त्याच विषयावरचे प्रश्न विचारणार आणि संपादकाने उत्तरंच द्यायची नाहीत, तर मग मासिक काढायचं कशाला? समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या लेखनाचा आधार घेतला. एखाद्याची ओढ जन्मतःच तशी असेल, तर त्यात गैर ते काय, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. तो भरून त्यांनी पुढचे अंक काढले. 1927 साली सुरू झालेलं ‘समाजस्वास्थ्य’ 1953 पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत, पदरमोड करून चाललं.

भारतीय वृत्तपत्रसृष्टीने समलिंगी आणि तृतीयपंथी माणसं कशी दाखवली हे पाहताना या खटल्यातली एक बाब लक्षात ठेवावी लागते. ‘समाजस्वास्थ्य’च्या पानांवर हा विषय आला तो वाचकाच्या प्रश्नातून. ज्याला कुतूहल होतं किंवा ज्याच्यावर बेतली होती, तोच पत्र लिहीत होता आणि संपादक त्याला वाचक म्हणून उत्तर देत होता. रोजच्या वृत्तपत्रांत ही सोय व्हायला त्यानंतर निदान अर्धशतक लागलं.

मधल्या काळात हा विषय वृत्तपत्रांत नव्हता असं नाही. तो गुन्ह्यांच्या पानावर होता. भारतीय दंड संहितेचं कलम 377 हे 1860 सालच्या कायद्यातलं. त्यातला ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हा शब्दप्रयोग पोलिसांच्या दप्तरात गेला आणि तिथून बातमीत उतरला. पोलीस बीट सांभाळणारा बातमीदार ठाण्यावर जातो, डायरीतल्या नोंदी पाहतो, ड्युटीवरच्या अधिकाऱ्याशी बोलतो आणि रात्री कार्यालयात येऊन चार ओळी टाकतो. कलम, वय, परिसर, ‘अनैसर्गिक कृत्य’ आणि ‘पुढील तपास चालू’. त्या चार ओळींत पोलीस बोलतात, क्वचित शेजारी बोलतात. ज्याच्याबद्दल बातमी आहे तो मात्र गप्प असतो. परस्परसंमतीने भेटलेली दोन माणसं आणि लहान मुलावर अत्याचार करणारा गुन्हेगार एकाच कलमाखाली येत. त्यामुळे बातमीचा सूर दोन्हीकडे एकच राही.

बायकांच्या वाट्याला गुन्ह्याऐवजी अपघाती मृत्यूचा रकाना आला. दोन तरुण मुलींनी एकत्र विहिरीत किंवा रेल्वेखाली जीव दिल्याच्या बातम्या देशभर येत राहिल्या. त्यांत त्या ‘जिवलग मैत्रिणी’ असत. एकीचं लग्न ठरल्याने विरह सहन झाला नाही, एवढ्यावर विषय संपे. केरळमध्ये ‘सहयात्रिका’ या गटाच्या कार्यकर्त्यांनी 2000 नंतरच्या वर्षांत अशा कात्रणांचा पाठपुरावा केला, तेव्हा सुट्या सुट्या वाटणाऱ्या बातम्यांत एकच धागा दिसू लागला. वर्षानुवर्षं त्या छापल्या जात होत्या. पण त्या एकमेकींशेजारी ठेवून कोणी वाचल्या नव्हत्या.

पहिल्या पानावर मोठी बातमी झाली ती 1987-88 मध्ये. मध्य प्रदेश पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी गांधर्वविवाह केला आणि त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आलं. फोटोसकट ही बातमी देशभर गेली. दोघी जिवंत होत्या, कमावत्या होत्या आणि लपत नव्हत्या. चार ओळींच्या साच्यात त्या बसेनात. मग लेखांमधून कारणांचा शोध सुरू झाला. आधीच्या आयुष्यातले कटू अनुभव, एकटेपण, पुरुषांचा धाक, आधाराची गरज अशी अनेक कारणं पुढे आली. दोघींचं एकमेकींवर प्रेम असेल, हे सर्वांत सोपं उत्तर सर्वांत कमी जणांना सुचलं.

त्याच्या थोडं आधी, 1986 साली, मुंबईत एका पत्रकाराने उलटा प्रवास केला होता. अशोक राव कवी यांनी इंग्रजी वृत्तपत्रांत बातमीदारी केली होती. बातमी कशी शिजते हे त्यांना आतून ठाऊक होतं. ‘सॅव्ही’ या महिलांच्या मासिकात त्यांनी आपण समलिंगी असल्याचं स्वतःच्या नावानिशी आणि फोटोनिशी सांगितलं. भारतीय नियतकालिकांतली अशी ही पहिली जाहीर मुलाखत मानली जाते. ती ना वैद्यकीय पुरवणीत आली, ना गुन्ह्याच्या पानावर. घरोघरी गृहिणी चाळत त्या मासिकात ती आली, आणि त्यामुळे ती नेमकी आईबापांच्या हाती पडली.

चार वर्षांनी, 1990 मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसह ‘बॉम्बे दोस्त’ काढलं. सुरुवातीला ते नियतकालिक कमी आणि हातोहात फिरणारं बातमीपत्र जास्त होतं. विक्रीची ठिकाणं मोजकी, जाहिरात मिळणं दुरापास्त, आणि घरी अंक मागवायचा तर पाकिटावर काय लिहिलंय याची धास्ती. तरी लहान गावांतून पत्रं येत. तो काळ एड्सच्या भीतीचा होता. मोठी वृत्तपत्रं ‘धोक्याचा गट’ म्हणून बोट दाखवत असताना ‘बॉम्बे दोस्त’ तपासणी कुठे करावी, निरोध कसा वापरावा, पोलिसाने अडवलं तर काय बोलावं हे सांगत होतं. त्यातूनच 1994 मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. अंक 2002 मध्ये बंद पडला आणि 2009 मध्ये नव्या रूपात परत आला. कर्व्यांच्या मासिकातला प्रश्नोत्तरांचा रकाना इथे पुन्हा सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की आता प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे एकाच गोटातले होते.

मराठी वृत्तपत्रं या काळात बरीचशी गप्प होती. रंगभूमी मात्र आधीच बोलून गेली होती. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगमंचावर आलं; त्यातली समलिंगी नायिका मित्रा रोहिणी हट्टंगडींनी केली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि हा विषय मराठीत, आईवडिलांना आणि शिक्षकांना कळेल अशा पुस्तकांतून मांडायला घेतला. नंतर मराठी बातमीदारांना कोणाची तरी प्रतिक्रिया हवी असली की फोन करायला एक माणूस झाला. वृत्तसंपादकाच्या डायरीत फोन नंबर असणं ही दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे. पण रात्री दहाला पान सोडायची घाई असताना ज्याचा नंबर हाताशी असतो, त्याचंच म्हणणं छापून येतं.

1998 च्या डिसेंबरने हा विषय थेट पहिल्या पानावर आणला. दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा दीपा मेहतांचा ‘फायर’ हा चित्रपट नोव्हेंबरात प्रदर्शित झाला होता. 2 डिसेंबरला मुंबईत गोरेगावच्या चित्रपटगृहावर शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी हल्ला केला आणि तिथला खेळ बंद पाडला. दुसऱ्या दिवशी दिल्लीतल्या ‘रीगल’ची पाळी आली. वृत्तपत्रांनी याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून उचललं, आणि ते रास्तही होतं. पण 7 डिसेंबरला ‘रीगल’समोर मेणबत्त्या घेऊन जमलेल्या गर्दीत एका फलकावर ‘भारतीय आणि लेस्बियन’ अशा अर्थाचे शब्द होते. हा फोटो छापून आला आणि चर्चेचा रोखच हलला. सेन्सॉर, सेना आणि दिग्दर्शिका यांच्यापलीकडे, जिच्यावर हा सिनेमा आहे ती बाई आपल्यातच राहते, हे वाचकाला एका फलकाने सांगितलं. काही सहआंदोलकांनाही तो फलक अडचणीचा वाटला होता. स्त्रीहक्क आणि अभिव्यक्ती यांच्या मागण्या चालतील, हा शब्द कशाला, असा तो सूर होता. त्याच वादातून ‘कॅलेरी’ हा लेस्बियन हक्कांचा मंच दिल्लीत उभा राहिला.

मात्र एका फोटोने साचा मोडत नाही. जुलै 2001 मध्ये लखनऊ पोलिसांनी एड्स-प्रतिबंधाचं काम करणाऱ्या दोन संस्थांवर छापे घातले. चार कार्यकर्ते 47 दिवस कोठडीत राहिले. माहितीपत्रकं आणि प्रशिक्षणाचं साहित्य ‘आक्षेपार्ह माल’ म्हणून जप्त झालं. स्थानिक वृत्तपत्रांनी पोलिसांची कहाणी जशीच्या तशी उचलून संस्थेच्या कार्यालयात चालणाऱ्या ‘गे क्लब’च्या बातम्या रंगवल्या. पुन्हा तेच दप्तर आणि त्याच चार ओळी, फक्त आता आठ रकान्यांत.

2006 च्या मार्चमध्ये ‘दिव्य भास्कर’ या गुजराती दैनिकाने राजपिपळा संस्थानाचे वारस मानवेंद्रसिंह गोहिल यांची मुलाखत छापली. आपण समलिंगी असल्याचं त्यात त्यांनी स्वतः सांगितलं होतं. गावात त्यांचे पुतळे जाळले गेले. घराण्याने त्यांना वारसाहक्कातून काढल्याची जाहीर सूचना वृत्तपत्रांतून दिली. मुलाचं म्हणणं आणि त्याला टाकल्याची सूचना, दोन्ही छापील कागदावरूनच लोकांपर्यंत गेली. सहा महिन्यांनी, त्याच वर्षी, विक्रम सेठ यांच्या पुढाकाराने कलम 377 विरुद्धचं खुलं पत्र प्रसिद्ध झालं आणि हा विषय संपादकीय पानावर स्थिरावला.

जून 2008 मध्ये दिल्लीत पहिला प्राइड मोर्चा निघाला, तेव्हा आयोजकांनी मुखवटे वाटले होते. पोलिसांपेक्षा भीती कॅमेऱ्यांची होती. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चेहरा आला तर नोकरी जाईल, घरमालक खोली खाली करायला लावेल, गावी वडिलांना कोणीतरी अंक नेऊन दाखवेल. ऑगस्टमध्ये मुंबईचा मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत गेला. छायाचित्रकार बहुधा सर्वांत भडक साडी आणि सर्वांत मोठा पिसारा शोधत. जीन्स-शर्टातले शेकडो लोक मागे धूसर राहत. 2011 मध्ये पुण्यात पहिल्यांदा मोर्चा निघायचा होता, तेव्हा आयोजकांनी साध्या पोशाखाचा आग्रह धरला. पुणेकरांनी आपल्याला शेजारी म्हणून पाहावं हा त्यामागचा हेतू. त्यावर समुदायातूनच टीका झाली की, साडी नेसणाऱ्यांनी काय घरी बसायचं? छायाचित्रकाराच्या नजरेने रस्त्यावरच्या माणसांचे कपडे ठरू लागले होते.

2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर प्रौढांमधले संमतीचे संबंध कलम 377 मधून वगळले. वृत्तवाहिन्यांना रात्री नऊसाठी आयता विषय मिळाला. एका खिडकीत धर्मगुरू, दुसरीत वकील, तिसरीत कार्यकर्ता आणि मध्ये दोन्ही बाजूंना समान वेळ देणारा सूत्रसंचालक. एखाद्याने माणूस म्हणून जगावं की नाही या प्रश्नाला दोन समान बाजू असल्याचा आभास त्यातून निर्माण होई. तरीही घराघरांतल्या बैठकीच्या खोलीत हा शब्द मोठ्याने उच्चारला गेला, आणि तो या वाहिन्यांमुळेच.

याच काळातलं सर्वांत काळं पान एका मराठी प्राध्यापकाच्या नावाने आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. दिल्लीच्या निकालाला जेमतेम सात महिने झाले होते. कायद्याने गुन्हा राहिला नव्हता, तरी विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

सिरसांच्या प्रकरणात दोन तऱ्हेची पत्रकारिता समोरासमोर आली. एकीकडे दार ढकलून आत शिरणारा कॅमेरा. दुसरीकडे ‘इंडियन एक्स्प्रेस’चा तरुण बातमीदार दीपू सेबॅस्टियन, ज्याने सिरसांशी बोलून त्यांची बाजू छापली. हंसल मेहतांच्या ‘अलीगढ’ या चित्रपटात ही दोन्ही दृश्यं आहेत. मनोज बाजपेयी सिरस झाले आणि राजकुमार राव बातमीदार. मराठी साहित्यविश्वात मात्र या कवीची, सिनेमा येईपर्यंत, फारशी विचारपूस झाली नाही.

वर्षभरातच, फेब्रुवारी 2011 मध्ये, हैदराबादच्या ‘टीव्ही नाइन’ या तेलुगू वाहिनीने शहरातल्या ‘गे संस्कृती’चा पर्दाफाश म्हणून एक वृत्तांत दाखवला. बातमीदाराने डेटिंगच्या संकेतस्थळावर खातं उघडून तरुणांशी संपर्क साधला, फोनवरची संभाषणं ध्वनिमुद्रित केली आणि चेहऱ्यांसकट प्रक्षेपित केली. तक्रार वृत्तवाहिन्यांच्याच स्वनियमन प्राधिकरणाकडे गेली. प्राधिकरणाने वाहिनीला 1 लाख रुपये दंड ठोठावला आणि सलग तीन दिवस पडद्यावर माफी दाखवायला लावली. 1934 मध्ये समलिंगी संबंधांवर बोलणाऱ्या संपादकाला दंड झाला होता. 2011 मध्ये समलिंगी माणसांची बदनामी करणाऱ्या वाहिनीला झाला. रक्कम वाहिनीच्या दृष्टीने किरकोळ असेल, पण तक्रार करणारे लोक नावानिशी पुढे आले होते.

तृतीयपंथीयांचा वृत्तपत्रांतला प्रवास वेगळा झाला. सिग्नलवरची वसुली, टोळ्यांची भांडणं आणि यात्रेतला फोटो या तीन चौकटींत त्यांना बरीच वर्षं बसवलं गेलं. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी त्या चौकटी टीव्हीवरूनच तोडल्या. त्यांचं आत्मकथन ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ 2012 मध्ये मराठीत आलं. शब्दांकन पत्रकार वैशाली रोडे यांचं. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ निकालात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोइम्बतूरच्या ‘लोटस’ वाहिनीवर पद्मिनी प्रकाश संध्याकाळच्या बातम्या वाचू लागल्या. महाराष्ट्रात दिशा पिंकी शेख कविता लिहिता लिहिता 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. शेतमालाचा भाव असो की आरक्षण, पक्षाची भूमिका विचारायला बातमीदार त्यांच्याकडे जाऊ लागले. तृतीयपंथी व्यक्तीला तृतीयपंथाखेरीज दुसरं काही विचारणं ही मराठी पत्रकारितेत तोवर जवळपास न घडलेली गोष्ट होती.

मे 2015 मध्ये मुंबईच्या ‘मिड-डे’त एक छोटी जाहिरात आली. पद्मा अय्यर यांना आपल्या 36 वर्षांच्या मुलासाठी, हरीशसाठी, वर हवा होता. वयाची अट होती, शाकाहार हवा होता, प्राण्यांची आवड हवी होती, जातीची अट नव्हती. पण अय्यर असल्यास उत्तम, असंही त्यात होतं. काही वृत्तपत्रांनी ती आधी नाकारली होती. छापून आल्यावर दोन वाद एकदम सुरू झाले. एक, असं चालतं का. आणि दोन, समलिंगी लग्नातही जात शोधायची का? दुसरा वाद पहिल्यापेक्षा जास्त रंगला. वधूवर सूचक पानावरच्या कोणत्याही जाहिरातीवर जे खोचक बोलणं होतं, ते या आईच्याही वाट्याला आलं.

2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा कलम 377 बद्दलचा निकाल फिरवला होता. 6 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2013 चा तो निर्णय रद्द केला. दुसऱ्या दिवशी देशभरच्या अनेक दैनिकांची पहिली पानं इंद्रधनुषी रंगांत निघाली. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी, या विषयावर निकाल देण्यापूर्वी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडून समजून घेतलं. पुढे माध्यमांनी कोणते शब्द वापरावेत याकडेही त्यांनी लक्ष वळवलं आणि तमिळनाडू सरकारने 2022 मध्ये त्यासाठी अधिकृत शब्दसूची काढली.

एप्रिल-मे 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या याचिकांवरची दहा दिवसांची सुनावणी थेट प्रक्षेपित झाली. ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी मोबाइलवर वकिलांचे युक्तिवाद शब्दशः ऐकले. वृत्तवाहिनीने कापलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा आणि मूळ वाक्य ताडून पाहणं कोणालाही शक्य झालं. 17 ऑक्टोबरच्या निकालाने विवाहाचा हक्क दिला नाही. जोडप्यांच्या दैनंदिन अडचणी पाहायला केंद्राने समिती नेमावी असं सुचवलं.

त्या समितीच्या कामातून 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन बातम्या आल्या. समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल आणि जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमता येईल. शिधापत्रिकेवर दोघांना एकाच घरातलं मानलं जाईल. दोन्ही निव्वळ सरकारी खुलासे. त्यांत ना पोलिसांचं म्हणणं होतं, ना धर्मगुरूचं. सोबत छापायला कोणाचा चेहरा लागला नाही, मुखवटाही लागला नाही. व्याजदर आणि मुदतठेवींच्या बातम्यांसारखीच ही बातमी होती, आणि ती वाचून अनेकांनी पुढचा व्यवहारी प्रश्न विचारला: शाखेतल्या माणसाला हे परिपत्रक मिळालंय का?